किलोमागे साडेतीन रियाल

मंडळी, रियाधहून हाइल किंवा तबूकच्या विमानात खिडकीशी जागा मिळाली तर डुलकी काढू नका, खाली बघा. मैलोन् मैल पिवळ्या-तपकिरी जमिनीनंतर एकदम हिरवी वर्तुळं दिसायला लागतात. अगदी कंपासने काढल्यासारखी! मध्यभागी खोल विहीर, तिच्याभोवती चाकांवर गोल फिरणारा लांबलचक नळ, आणि तो जिथवर पोचतो तिथवर पीक. काही वर्तुळं गडद हिरवी, काही फिकी, आणि काही नुसतेच डाग. पूर्वी इथे शेत होतं एवढंच सांगणारे.

मी पेशाने हिशेबनीस. त्यामुळे असं काही दिसलं की माझ्या डोक्यात पहिला प्रश्न येतो, "ह्याचे पैसे कोणी दिले?" आणि लगेच दुसरा, "कुठल्या नियमाने दिले?" दिवाळी अंकासाठी काहीतरी लिहा असा मंडळाचा निरोप आला, तेव्हा हाच विषय घ्यायचं ठरवलं. कारण आपण ज्या देशात पोटापाण्यासाठी राहतो, तिथे सरकारी पैसा वाटण्याचे नियम गेल्या पन्नास-साठ वर्षांत कसे बदलले, ही गोष्ट भलतीच रंजक आहे. शिवाय तिचा धागा आपल्या पुण्याशीही जुळतो. कसा ते पुढे येईलच.

जमीन फुकट, अट एक

सुरुवात १९६८ पासून करू. राजे फैसल यांच्या काळात पडीक सरकारी जमीन वाटण्याचा कायदा झाला. एकट्या माणसाला ५ ते १० हेक्टर, आणि कंपनीला किंवा संस्थेला ४०० हेक्टरपर्यंत. किंमत शून्य. अट एवढीच की ठरलेल्या मुदतीत, म्हणजे साधारण दोन ते पाच वर्षांत, जमिनीचा ठरावीक हिस्सा लागवडीखाली आणून दाखवायचा. बहुतेक वेळा हा हिस्सा एक चतुर्थांश असे. तो दाखवला की मालकीचा कागद हातात.

वाचायला अट चांगलीच वाटते. जमीन नुसती अडवून ठेवू नका, कसा, एवढंच तर सांगितलं होतं! पण हिशेबनीसाच्या नजरेने बघितलं तर मोजमाप एकाच गोष्टीचं होतं, हिरवं किती झालं याचं. ते हिरवं करायला जमिनीखालून किती पाणी उपसलं, हा रकानाच त्या हिशेबात नव्हता.

मग आलं १९७३. अरब देशांनी तेल रोखलं, तेलाची किंमत काही महिन्यांत चौपट झाली आणि सौदी तिजोरीत पैशाचा पूर आला. पण त्याबरोबर एक धास्तीही आली. आपण तेल रोखलं, उद्या अमेरिकेने आपला गहू रोखला तर? तेव्हा अमेरिकेत तशी भाषा उघडपणे बोलली जात होती. खुबूस हे तर इथलं रोजचं अन्न. तेव्हा गहू घरचा पाहिजे, हा निर्णय समजण्यासारखा होता. आपल्याकडेही १९६० च्या दशकात अमेरिकेच्या पीएल ४८० च्या गव्हासाठी जहाजांची वाट बघावी लागली होती. आपल्यातल्या ज्येष्ठांना रेशनचा तो लाल मिलो अजून आठवत असेल. त्यामुळे या भीतीला हसायचा आपल्याला अधिकार नाही.

किलोचा भाव

आता नियम बघा. कृषी बँक बिनव्याजी कर्ज द्यायची. पंप, खतं, यंत्रं यांच्या किमतीपैकी जवळजवळ निम्मा वाटा सरकार उचलायचं. डिझेल कवडीमोल. विहिरीच्या पाण्याला मीटरही नाही आणि बिलही नाही. आणि पिकलेला गहू विकत घ्यायला १९७२ साली स्थापन झालेलं सरकारी धान्य कोठार आणि पीठ गिरणी महामंडळ होतंच. १९७९ च्या सुमाराला, राजे खालिद यांच्या काळात, त्याचा खरेदीभाव ठरला किलोमागे साडेतीन रियाल. तेव्हाच्या हिशेबाने टनाला हजार डॉलरच्या आसपास! जागतिक बाजारात त्या वेळी गव्हाला जो भाव होता त्याच्या चौपटीहून अधिक.

माझा एक सहकारी कसीम भागातला. त्याच्या वडिलांनी त्या काळात गहू केला. तो सांगतो की हंगामात कोठाराबाहेर ट्रकांची रांग लागायची आणि पोरं रात्री ट्रकच्या टपावर झोपायची. "आमच्या गावात आधी गहू आला, मग पक्कं घर आलं, मग पिकअप गाडी आली," असं तो म्हणतो. त्याच्या बोलण्यात त्या दिवसांबद्दल अभिमान आहे, आणि तो खोटा नाही. तेलाचा पैसा रियाध-जेद्दाच्या बाहेर, खेड्यापाड्यात पोचवणं हाही या योजनेचा हेतू होता, आणि काही प्रमाणात तो साधलाही.

आता आकडे. १९७० च्या दशकाच्या अखेरीस या देशात गहू पिकत होता साधारण दीड लाख टनांच्या आसपास. १९८४ मध्ये देश गव्हाच्या बाबतीत स्वयंपूर्ण झाला. खरं तर इथे थांबायला हवं होतं. भाव कमी करून २ रियालवर आणला, पण तोही जागतिक भावापेक्षा कितीतरी जास्तच होता. त्यामुळे कोणी थांबलं नाही. १९९२ मध्ये उत्पादन ४० लाख टनांच्या वर गेलं. देशाची गरज त्याच्या जवळपास निम्मी. उरलेला गहू परदेशी विकला, आणि ज्या देशात एकही बारमाही नदी नाही तो देश जगातल्या गहू निर्यातदारांत सहाव्या क्रमांकापर्यंत पोचला! चढ्या भावाने घ्यायचा आणि पडत्या भावाने विकायचा. हा व्यापार कुठल्या वाण्याने केला असता?

यात सर्वांत जास्त कोणाला मिळालं? नियमातच उत्तर आहे. पैसा किलोमागे असल्यावर ज्याचे किलो जास्त त्याला पैसा जास्त. दहा हेक्टरवाल्याला दहा हेक्टरांचं आणि चारशे हेक्टरवाल्याला चारशेंचं. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला नादेक, तबूकची तादको यांसारख्या मोठ्या कृषी कंपन्या उभ्या राहिल्या. नादेकचं दूध-दही आपल्या सगळ्यांच्या फ्रिजमध्ये असतं. अशा कंपन्यांकडे भांडवल होतं, यंत्रं होती, खोल विहिरी खणायची ताकद होती. यात कोणी नियम मोडला असं मला म्हणायचं नाही. नियम जसा होता तसाच सगळ्यांनी पाळला, आणि त्याचाच हा परिणाम.

किंमत मात्र जमिनीखाली मोजली जात होती. हजारो वर्षांपूर्वी, इथे पाऊस पडायचा त्या काळात खडकात साठलेलं हे पाणी. आता त्यात नवी भर जवळजवळ पडत नाही. एक टन गहू पिकवायला हजार टनांहून जास्त पाणी लागतं. म्हणजे निर्यात झालेल्या गव्हाच्या प्रत्येक जहाजामागे हजार जहाजं पाणी गेलं असं समजा. रियाधच्या दक्षिणेला अफ्लाज भागात लैला नावाचं गाव आहे. हो, लैला-मजनूतल्या लैलाशी जोडलं जातं तेच. तिथे खरीखुरी तळी होती, लोक होड्या घेऊन जायचे. १९९० च्या दशकापर्यंत ती कोरडी पडली. अल अहसाचे शेकडो वर्षांचे वाहते झरे आपणहून वाहायचे थांबले. आता तिथे पंप लावावे लागतात.

१९९०-९१ च्या आखाती युद्धाने तिजोरीला खिंडार पाडलं, शेतकऱ्यांची देणी थकायला लागली आणि मग गव्हाच्या खरेदीवर मर्यादा आल्या. पण नियमाचा गाभा, म्हणजे किलोमागे पैसा, तसाच राहिला.

पर्वतीच्या पायथ्याशी

अनुदानाचा नियम बदलला की त्याच पैशातून वेगळंच काहीतरी उगवतं, याचा एक जुना दाखला आपल्या घरात आहे. त्यासाठी जरा पुण्याला, पर्वतीच्या पायथ्याशी जाऊन येऊ.

पेशवाईतली श्रावणातली दक्षिणा सगळ्यांनी ऐकलेली असते. ही प्रथा मूळची तळेगावच्या सेनापती दाभाड्यांची. १७३१ मध्ये डभईच्या लढाईत त्रिंबकराव दाभाडे पडले, त्यानंतर पहिल्या बाजीरावांनी ती पुण्यात चालू ठेवली. पुढे ती वाढत गेली. विद्वानांची परीक्षा होऊन त्यांना मोठी दक्षिणा मिळे. बाकीच्या ब्राह्मणांना पर्वतीजवळच्या रमण्यात, म्हणजे मोठ्या आवारात घेत आणि बाहेर पडताना एकेकाच्या हातावर रक्कम ठेवत. का? तर एकाने दोनदा घेऊ नये म्हणून! म्हणजे हिशेबतपासणी तेव्हाही होतीच. पण मुख्य नियम होता माणशी पैसा, आणि तोही एकाच जातीच्या माणसाला. मग पीक काय येणार? गर्दीचं! श्रावण आला की लांबलांबून हजारोंनी लोक पुण्याकडे निघत.

१८१८ मध्ये पेशवाई गेली. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनला ही दक्षिणा एकदम बंद करायची भीती वाटत होती, कारण पुणं नाराज झालं असतं. त्याने सरसकट वाटप थांबवलं, पण विद्वानांसाठी रक्कम ठेवली आणि त्याच पैशातून १८२१ मध्ये विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा निघाली. नियमात झालेला पहिला बदल हा. पैसा माणसाऐवजी शिक्षणाला गेला.

दुसरा बदल आपल्याच माणसांनी मागितला. १८४९ मध्ये लोकहितवादी गोपाळ हरी देशमुख आणि त्यांच्या सोबत्यांनी सरकारकडे अर्ज केला. दक्षिणा फंडातला पैसा मराठीत चांगले ग्रंथ लिहिणाऱ्यांना बक्षीस म्हणून द्या, आणि तो कुठल्याही जातीच्या माणसाला मिळू द्या, अशी ती मागणी. पुण्यात गदारोळ झाला. स्वतःच्या जातीचा हक्क सोडायला सांगणारे हे अर्जदार बहुतेक स्वतः ब्राह्मण होते, हे लक्षात घ्या. अखेर १८५१ मध्ये दक्षिणा प्राइझ कमिटी आली. मराठी छापील गद्याच्या त्या कोवळ्या काळात या बक्षिसांनी अनेकांना लिहितं केलं. याच फंडातून पुढे कॉलेजात दक्षिणा फेलो नेमले गेले. न्यायमूर्ती रानडे आणि गोपाळ गणेश आगरकर हे दोघंही आपापल्या काळात दक्षिणा फेलो होते. श्रावणात हातावर पडणारे तेच रुपये, नियम बदलल्यावर काय काय करून गेले बघा!

पण गोष्ट इतकी गोड संपत नाही. १८५५ मध्ये जोतीराव फुल्यांनी 'तृतीय रत्न' हे नाटक लिहिलं आणि याच कमिटीकडे पाठवलं. शेतकरी कुटुंबाला धर्माच्या नावाखाली कसं लुबाडलं जातं, हा त्याचा विषय. कमिटीने ते नाकारलं. कमिटीतल्या ब्राह्मण सभासदांच्या आग्रहामुळे तसं झालं, असं जोतीरावांनी पुढे 'गुलामगिरी'त लिहून ठेवलं आहे. कागदावर दार सगळ्यांना उघडं होतं, पण दाराशी कोण बसलंय यावर आत कोण जाणार ते ठरलं.

तेव्हा कुठलंही अनुदान बघितलं की मी दोन प्रश्न विचारतो. पैसा कशाला मोजून देतात? आणि मोजणारा कोण?

पुन्हा वाळवंटात

हे दोन प्रश्न घेऊन परत सौदीत येऊ. २००८ मध्ये राजे अब्दुल्ला यांच्या सरकारने मोठा निर्णय घेतला. देशी गव्हाची सरकारी खरेदी दर वर्षी साडेबारा टक्क्यांनी कमी करायची आणि २०१६ पर्यंत पूर्ण थांबवायची. पाणी वाचवायला दुसरा मार्ग नव्हता. त्या काळात देशातल्या एकूण पाण्यापैकी ८० टक्क्यांहून जास्त पाणी शेतीच पीत होती. पिण्याचं पाणी मात्र समुद्राचं खारं पाणी गोडं करून, प्रचंड खर्चाने, रियाधपर्यंत पाइपने आणायचं!

ठरल्याप्रमाणे २०१६ मध्ये खरेदी थांबली. पाणी वाचलं का? इथेच गंमत आहे. गहू परवडेना म्हणून अनेकांनी त्याच वर्तुळांत अल्फाल्फा, म्हणजे गुरांचा हिरवा चारा लावला. दुधाच्या कंपन्यांना तो हवाच होता. गहू बिचारा हिवाळ्यातले चार-पाच महिने पाणी पितो, अल्फाल्फा बारा महिने, भर उन्हाळ्यातसुद्धा. सरकारने गव्हाचे पैसे थांबवले, पण विहिरीचं पाणी फुकटच राहिलं, मग दुसरं काय होणार! शेवटी २०१५ च्या अखेरीस चाऱ्यावरही बंधनं घालायचं ठरलं आणि पुढच्या तीन वर्षांत ती लागू झाली. अलमराईसारख्या कंपनीने चाऱ्यासाठी अर्जेंटिनात आणि अमेरिकेतल्या ॲरिझोनात जमिनी घेतल्या. ॲरिझोनातल्या लोकांनी मग ओरड केली की आमच्या जमिनीखालचं पाणी सौदी गाईंना का? प्रश्न संपला नाही, त्याने फक्त देश बदलला.

२०१८ मध्ये लहान शेतकऱ्यांसाठी गव्हाची खरेदी पुन्हा मर्यादित स्वरूपात सुरू करायचा निर्णय झाला. या वेळी नियमात फरक होता. ५० हेक्टरपर्यंतचाच शेतकरी, आणि सगळ्यांचा मिळून वर्षाला १५ लाख टनांपर्यंतच गहू. म्हणजे चाळीस वर्षांनी त्या हिशेबात वरची मर्यादा आली.

त्याच सुमाराला सरकारी पैशाचा एक अगदी वेगळा नियम आला. पेट्रोल, वीज स्वस्त ठेवणं हेही एक प्रकारचं अनुदानच. पण तेही किलोमागे साडेतीन रियालसारखंच. ज्याच्या बंगल्यात वीस एसी त्याला जास्त, ज्याच्या घरात एक त्याला कमी. जानेवारी २०१८ पासून ५ टक्के व्हॅट आला आणि पेट्रोल-वीज महागली. त्याआधी डिसेंबर २०१७ मध्ये 'हिसाब अल मुवातिन', म्हणजे नागरिक खातं सुरू झालं. कुटुंबाचं उत्पन्न किती आणि माणसं किती हे बघून रक्कम थेट बँकेत. पहिल्याच वाटपात एक कोटीहून जास्त लोक त्यात आले. माणशी पैसा हा तर आपला रमण्याचा नियम! फरक एवढाच, की इथे गरज मोजून देतात.

अर्थात यातही वाद आहेतच. उत्पन्न नक्की कुठलं धरायचं, मुलगा नोकरीला लागला की काय, यावर माझ्या ऑफिसातही चहाच्या वेळी खडाजंगी चालते. आपण परदेशी, ते खातं आपल्यासाठी नाही. व्हॅट मात्र आपणही भरतो. असो.

आपल्या वाट्याचा फंड

तुम्ही म्हणाल, हे सगळं ठीक, पण आपला काय संबंध? तर आपल्यासाठीही एक सरकारी फंड आहे, आणि दुःख याचं की ज्यांना तो खरा लागतो त्यातल्या अनेकांना तो माहीत नसतो.

२००९ मध्ये भारत सरकारने परदेशातल्या भारतीयांसाठी इंडियन कम्युनिटी वेल्फेअर फंड सुरू केला. पासपोर्ट, अटेस्टेशन अशा वकिलातीच्या कामांसाठी आपण जी फी भरतो त्यात या फंडाचे थोडे पैसे असतात. म्हणजे तुम्ही-आम्ही सगळेच त्यात पैसे घालणारे आहोत. २०१७ मध्ये त्याचे नियम सुधारून विस्तारले. अडचणीत सापडलेल्याची राहण्या-जेवणाची तात्पुरती सोय, परतीचं तिकीट, तातडीचे औषधोपचार, कायद्याची मदत, आणि कोणी इथेच वारलं तर पार्थिव घरी पाठवणं, हे सगळं त्यात बसतं. २०१३ च्या निताकतच्या वेळी आणि २०१७ च्या माफीच्या मुदतीत किती माणसं कागदपत्रांविना अडकली होती, ते आपल्यातल्या अनेकांनी डोळ्यांनी पाहिलंय.

नियम काय? सर्वांत गरजूला, त्याची ऐपत बघून. इथल्या कामगार कायद्याप्रमाणे पार्थिव पाठवायचा खर्च मालकाने करायचा असतो. मालक करत नसेल, किंवा करण्याच्या स्थितीत नसेल, तर फंड कामी येतो. गरज मोजायची हा नियम चांगलाच आहे. पण गरज सिद्ध करायला अर्ज हवा, कागद हवेत, आणि रियाधला वकिलातीपर्यंत किंवा जेद्दाला कॉन्सुलेटपर्यंत पोचायला हवं. हफर अल बातिनच्या वाळवंटात शेळ्या राखणाऱ्या किंवा जुबैलच्या कॅम्पात पासपोर्ट मालकाकडे अडकलेल्या माणसाने ते करायचं कसं? दार उघडं आहे, पण ते घरापासून पाचशे किलोमीटरवर आहे.

म्हणून एक विनंती. मंडळाच्या प्रत्येक घराने आपल्या ओळखीच्या एका तरी कामगाराला, मग तो नांदेडचा असो, रत्नागिरीचा असो की बिहारचा, या फंडाची माहिती द्यावी. अर्ज भरायला अर्धा तास बसावं. सोबत पासपोर्ट आणि इकाम्याची प्रत, मालकाचं नाव-पत्ता आणि अडचण काय ते साध्या भाषेत लिहिलेलं एक पान एवढं तयार करून ठेवलं तरी अर्धं काम होतं. आपल्यातल्या कोणाला अरबी चांगलं येतं, कोणाची वकिलातीत ये-जा असते, कोणाकडे गाडी असते. तेवढ्यावरही पुष्कळ होतं. पुढच्या महिन्याच्या बैठकीत या कामासाठी पाच-सहा जणांची नावं लिहून घ्यायची आहेत. माझं नाव पहिलं लिहा.

सर्वांना दिवाळीच्या मनःपूर्वक शुभेच्छा!